हवेचा बंदोबस्त

मोटारीच्या डिकीचे झाकण उघडून आत वाकून पाहिले असता डाव्या अंगास, मागच्या चाकाची कमान जेथे संपते आणि दिव्याची पाठ जेथे सुरू होते त्या दोहोंच्या दरम्यान, कारखानदाराने कोणत्याही उपयोगास न लावलेली एक विषम आकाराची जागा आढळते. तिला सरळ बाजू म्हणून नाही, काटकोन नाही, आणि जॅक, एखादे तेलकट फडके व पूर्वीच्या मालकाने विसरलेली पेट्रोलची पावती यांच्यापलीकडे तिच्या आश्रयास सहसा काही येत नाही. पेडण्यास राहणाऱ्या माझ्या भाच्याला नेमक्या याच जागेत एका दहा इंची वूफरचे घर बांधावयाचे होते; आणि लाकडी पेटी त्या वाकड्यातिकड्या कोनाड्यात कोणत्याही उपायाने बसणे शक्य नसल्यामुळे ते घर फायबरचे, म्हणजे काचेचे तंतू आणि रेझिन यांच्या मिश्रणाचे, करावे असा त्याचा निश्चय झालेला होता. तयार चौकोनी पेट्या म्हापशाच्या बाजारात मिळतात, त्यांतली एक आणून डिकीत ठेवली की काम भागेल, हा माझा व्यवहारी सल्ला त्याने अदबीने ऐकून घेतला. परंतु अशी पेटी असली म्हणजे स्टेपनी काढताना, बाजारहाट भरताना आणि आईला घेऊन देवदर्शनास निघताना काय काय प्रसंग ओढवतात याचा त्याने जो पाढा वाचला, तो ऐकल्यावर सल्ला मागे घेणेच मला प्रशस्त वाटले.

हे काम करणारा मेस्त डिचोलीचा. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही नव्या काबिजादीचे महाल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलाखालून पोर्तुगिजांकडे गेलेले, त्यातही पेडणे अगदी उशिरा, म्हणजे १७८८ साली. त्यामुळे येथली देवळे बहुतांशी जाग्यावर राहिली, देवळांबरोबर चौघडा, ढोल, पखवाज आणि घुमट राहिले, आणि जड, जमिनीवरून चालत येणाऱ्या नादाची आवड या मुलखाच्या कानांत पिढ्यान्‌पिढ्या मुरत गेली. पेडण्याला भगवतीच्या देवळापाशी, त्या दोन दगडी हत्तींच्या जवळपास, पुनवेच्या गर्दीत उभे राहून ज्याने ढोल ऐकला आहे, त्याला ढोल कानापेक्षा छातीने अधिक ऐकला जातो हे निराळे सांगावे लागत नाही. आमच्या तरुणांना वूफरचे वेड परदेशातून आणि किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून लागले असे म्हणणारी मंडळी पुष्कळ आहेत. यंत्र बाहेरून आले याबद्दल माझा वाद नाही, परंतु त्या यंत्राची भूक येथलीच असावी असे मला वाटते.

वूफरला मुळात घर लागतेच कशाला, हा प्रश्न मी विचारला तेव्हा भाच्याने उत्तर न देता फळीवर पडलेल्या उघड्या वूफरच्या तारा अॅम्पला जोडल्या. काळा पडदा बोटाच्या पेराइतका पुढे-मागे होत असलेला डोळ्यांना स्पष्ट दिसत होता, आणि एवढ्या खटाटोपातून कानांपर्यंत पोहोचत होते ते केवळ एक कोरडे फडफडणे. पडदा पुढे सरकतो तेव्हा त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी त्याच्या पाठीमागची हवा विरळ होते. नाद जितका खालचा तितकी त्याची लहर लांब, आणि लांब लहरीला कडेने वळसा घालून पलीकडे जाण्यास काहीच सायास पडत नाहीत. मग पुढचा दाब मागच्या विरळपणास जाऊन मिळतो, वादी आणि प्रतिवादी या दोघांनीही आपापली फिर्याद मागे घ्यावी तसे होऊन जाते, आणि दप्तरी शून्य नोंदले जाते. पेटीचे सगळे प्रयोजन एवढेच, की या दोन हवांची गाठ पडू देऊ नये.

माझ्या पिढीस ही गोष्ट लहानपणीच कळावयास हवी होती. गोवामुक्तीपूर्वी ज्या घरांत एमिसोरा द गोवा ऐकली जाई, त्या घरांतले वाल्व्हचे रेडिओ उत्तम पॉलिश केलेल्या लाकडाचे असत, पुढून पाहावे तर एखाद्या देव्हाऱ्याची शोभा, परंतु पाठीमागे मात्र वाल्व्हांची उष्णता बाहेर जावी म्हणून भोके पाडलेला एक पुठ्ठा ठोकलेला असे. त्या भोकांतून मागची हवा खुशाल बाहेर पडे आणि गाणाऱ्याचा खर्ज वाटेतच नाहीसा होई. पुठ्ठ्याच्या भोकांतून आत दिसणारे लालसर दिवे तासन्‌तास न्याहाळणाऱ्या आम्हां मुलांपैकी कोणालाही या गोष्टीचा संशय आला नाही.

चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली आजच्या धर्तीचा, पडद्याने थेट हवा हालवणारा स्पीकर सिद्ध केला, आणि मागच्या हवेचे करावे काय हा प्रश्न लगोलग उभा राहिला. बेल प्रयोगशाळेतल्या आल्बर्ट थुरास याने पेटीस एक नळी ठेवून, मागच्या हवेला विलंब लावून आणि वळण देऊन पुढच्या हवेच्या मदतीस आणण्याची युक्ती काढली, व १९३२ साली तिचे पेटंट मिळवले. एडगर विल्चर याने १९५४ साली नेमके उलट केले: त्याने पेटी हवाबंद केली, पडद्याची टांगणी मुद्दाम सैल ठेवली, आणि आत कोंडलेली हवाच त्याला मागे खेचण्याचे काम करील अशी तजवीज केली. तोपर्यंतचा हा सगळा कारभार बराचसा अंदाजपंचे चाललेला होता. त्याला गणिताची शिस्त लावली ती ऑस्ट्रेलियात, आधी १९६१ साली नेव्हिल थील याने आणि त्यानंतर १९७२-७३ च्या सुमारास रिचर्ड स्मॉल याने. आज चांगल्या वूफरच्या खोक्यात जो कागद निघतो, त्यावर या दोघांच्याच नावाने ओळखले जाणारे आकडे छापलेले असतात. मोकळ्या हवेत पडद्याचा स्वाभाविक कंप किती, तो कंप किती लवकर आवरला जातो, आणि पडद्याच्या टांगणीइतकाच लवचिकपणा किती लिटर हवेत असतो, एवढे तीन आकडे हाती आले की पेटी किती लिटरांची असावी याचा निवाडा कागदावरच होतो. बंद पेटी आणि वूफर यांचा एकत्रित गुणांक ०.७०७ च्या आसपास आला म्हणजे आवाज फुगतही नाही आणि कोरडाही पडत नाही. भाच्याच्या वूफरसाठी तो हिशेब सतरा-अठरा लिटरांवर येऊन थांबला.

थुरासच्या नळीची गोष्ट भाच्याला कागदावरून समजली नाही, ती समजली घुमटावरून. आणि घुमटाविषयी येथे जरा विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण चवथीच्या आरतीला घुमट वाजत असताना आमच्यापैकी बहुतेकांचे लक्ष थाप मारणाऱ्या उजव्या हाताकडे असते आणि खरे कौतुक डाव्या हाताचे आहे. घुमट म्हणजे भाजलेल्या मातीचे, मध्ये फुगलेले आणि दोन्ही टोकांस तोंड असलेले पात्र. त्याचे मोठे तोंड चामड्याने मढवलेले असते आणि धाकटे तोंड उघडे. वाजवणारा एका हाताने चामड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या हाताचा पंजा त्या धाकट्या तोंडावर कधी दाबून, कधी सैल करून, कधी पुरता उचलून धरतो. पंजा हालला की नाद खाली-वर होतो, आणि उघड्या तोंडातून हवेचा जो हलका धक्का बाहेर येतो तो त्याच्या तळहाताला जाणवत असतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात, पोकळ पात्रातली हवा स्वतःच कंप पावते, पात्र मोठे केले किंवा मान लांब केली तर तिचा नाद खाली उतरतो आणि तोंड रुंद केले तर वर चढतो, हा नियम मांडला. १८६३ सालच्या त्याच्या ध्वनिविषयक ग्रंथाने तो विख्यात झाला. डिचोलीच्या कुंभारांची ख्याती गोवाभर आहे, आणि त्यांच्यापैकी कोणी हेल्महोल्ट्झ वाचला असण्याचा संभव नाही. तथापि पात्राचा फुगवटा किती आणि धाकटे तोंड किती, याचे प्रमाण चुकले तर घुमट घुमत नाही, एवढे त्यांच्या बोटांना पुरते ठाऊक असते. थुरासने पेटीस जी नळी लावली ती या धाकट्या तोंडाचीच भावंड. फरक इतकाच की नळी एकदा बसवली की कायमची बसली, आणि घुमटावरचा पंजा मात्र प्रत्येक मात्रेला आपला निर्णय फिरवू शकतो. पूर्वी घुमट घोरपडीच्या कातड्याने मढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस अभय मिळाले आणि आता बकऱ्याच्या चामड्यावर काम भागवावे लागते. जुने वाजवणारे त्यावर नाक मुरडतात. त्यांच्या कानावर माझा विश्वास आहे, आणि घोरपडीला जगण्याचा हक्क आहे हेही मला मान्य आहे. २०१९ साली गोवा सरकारने घुमटास राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली.

भाचा स्वतः चवथीला घुमट वाजवतो. त्यामुळे त्याचा ओढा अर्थातच नळीच्या पेटीकडे होता. मेस्तने त्याला परावृत्त केले. नळीच्या पेटीचा आवाज मोठा खरा, परंतु तिला जागा अधिक लागते, आणि हिशेबात थोडी चूक झाली की प्रत्येक स्वर एकाच नादाने गुणगुणू लागतो. शिवाय मोटारीच्या आत बंद पेटीस एक अनपेक्षित साहाय्य मिळते. सेकंदास चाळीस कंपांच्या नादाची लहर साडेआठ मीटरांच्या आसपास भरते आणि लहान मोटार चार मीटरांचीही नसते. एवढी लांब लहर गाडीच्या आत मावत नाही, तेव्हा काचा बंद केल्या असता ती धावण्याऐवजी सगळ्या हवेचा दाबच एकदम कमी-अधिक करू लागते, आणि बंद पेटीचा खर्ज जेथे उतरणीस लागतो त्याच सुमारास हा दाब त्याला हात देतो. दिवाणखान्यात कंगाल वाटणारी पेटी डिकीत श्रीमंत होते ती यामुळे.

मेस्तचा पूर्वीचा व्यवसाय खाणींच्या टिपरांना रंग देण्याचा. डिचोलीत ज्या काळी रस्त्यांवर मनुष्यांपेक्षा टिपर अधिक होते, त्या काळी डेंटिंग-पेंटिंगच्या शेडी रात्रंदिवस चालत. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, तेव्हा लाल धुळीबरोबर ते कामही बसले. पुष्कळांनी गाशा गुंडाळला. याच्यापाशी रंगाचा फवारा होता, घासण्याची यंत्रे होती, आणि तारुण्यात केलेले नरकासुर होते. या तिहींच्या भांडवलावर त्याने मोटारींच्या आतले काम धरले. नरकासुराचा उल्लेख मी विनोदाने करीत नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्याच्या गावोगावी जे अजस्र पुतळे उभे राहतात, त्यांच्या पोटात लाकडाचा वा लोखंडाचा सांगाडा असतो, त्यावर गवत, त्यावर कागद आणि त्यावर रंग. सांगाड्यावर कातडे ताणून पोकळ अंग उभे करण्याची ही विद्या या मुलखातली मुले मिसरूड फुटण्यापूर्वी शिकतात, आणि फायबरच्या पेटीस याहून निराळी विद्या लागत नाही.

खुद्द फायबराची हकीकत अशी की, १९३२ साली अमेरिकेत ओवेन्स-इलिनॉय या काचकारखान्यात डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेचे दोन ठोकळे जोडीत असता दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर पडला आणि तिचे बारीक तंतू उडाले. त्या अपघातातून काचतंतूंचा धंदा निघाला, आणि पुढे त्या तंतूंना रेझिनची जोड मिळाल्यावर नौका आणि मोटारींची अंगे त्याची होऊ लागली. १९५३ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट ही गाडी याच द्रव्याची. आपल्याकडे बंगळूरच्या सिपानी कंपनीची डॉल्फिनही त्याचीच. गोव्यात मात्र सामान्य माणसाची फायबराशी ओळख झाली ती होडीमुळे. मोरजी, हरमल, केरी येथल्या वाळूवर लाकडाच्या होड्यांच्या जागी फायबरच्या होड्या येऊन बसल्या त्यास बराच काळ लोटला. त्यांना किडा लागत नाही, दरसाल तेल पाजावे लागत नाही, आणि फुटल्या तर भोकावर काचतंतूंच्या मॅटचा तुकडा ठेवून रेझिन फासले की त्या पुन्हा पाण्यात जातात. लाकडाची होडी कुजून अखेरीस वाळूत मिसळते, ही मात्र मिसळत नाही.

कामास आरंभ झाला तो झाकाझाकीने. डिकीतल्या त्या कोनाड्याचा पत्रा, कार्पेट, दिव्याच्या तारा, सगळ्यावर मास्किंग टेप आणि तिच्यावर जाड फॉइल इतक्या निगुतीने चिकटवण्यात आले की एकही सुरकुती राहिली नाही. कारण फॉइलची प्रत्येक सुरकुती पेटीच्या पाठीवर कायमची उमटते, आणि फट राहून रेझिन पत्र्यास भिडले तर पेटी गाडीतून कधीच सुटत नाही. फॉइलवर मेणाचे पॉलिश. त्यानंतर मेस्तने काचतंतूंच्या मॅटचे, तळहाताएवढे आणि कडा फाटक्या ठेवलेले, तुकडे केले. कात्रीने सरळ कापलेली कड शेजारच्या तुकड्यात मिसळत नाही आणि तेथे वर येते, म्हणून मॅट हातानेच फाडावयाची असते. रेझिन मधासारखे दाट आणि फिकट जांभळसर. त्यात कोबाल्ट आधीच मिसळलेले होते, आणि हार्डनर आयत्या वेळी, शंभर भागांस एक-दोन भाग, इतकेच. कोबाल्ट आणि हार्डनर यांची परस्पर थेट भेट कधीही होऊ द्यावयाची नाही, दोघांच्या बाटल्याही शेजारी ठेवावयाच्या नाहीत, कारण ती दोन द्रव्ये रेझिनच्या मध्यस्थीवाचून एकत्र आली तर स्फोट होऊ शकतो. हा नियम त्याने भिंतीवर खडूने लिहून ठेवलेला होता आणि तेथे काम करणाऱ्या पोरास तो तोंडपाठ होता.

हार्डनर पडले की घटका सुरू होते. पंधरा-वीस मिनिटांत भांडे गरम होते, मधासारखे द्रव्य आधी जेलीसारखे थरथरते आणि मग दगड होते. त्या मुदतीत मॅट भिजवून, दाबून, तिच्यातली हवा काढून मोकळे व्हावे लागते. ब्रश ओढावयाचा नाही, टोचावयाचा. ओढला की तंतू त्याच्याबरोबर निघून येतात. कोरडी मॅट पांढरी शुभ्र असते, आणि रेझिन पुरते मुरले की ती पाहता पाहता पारदर्शक होऊन खालचे फॉइल चमकू लागते. जेथे पांढरा ठिपका उरला तेथे हवा उरली, आणि जेथे हवा उरली तेथे पेटी दुबळी राहणार. मेस्त एवढे पांढरे ठिपके हुडकीत बसला होता. वास असा, की डोळ्यांतून पाणी यावे. शेडीचे दोन्ही दरवाजे उघडे, तोंडावर मास्क, हातांत मोजे, तरीही संध्याकाळी कोपरापाशी खाज सुटलीच, आणि त्यावर गरम पाणी घेऊ नये, रंध्रे उघडून तंतू आत शिरतात, थंड पाण्याने धुवावे, असा इलाज मला त्या पोराकडून मिळाला. एका थराने जाडी एक मिलिमीटरच्या आसपास भरते. असे पाच-सहा थर.

दुसऱ्या दिवशी ते कवच सुटले तेव्हा डिकीच्या त्या दुर्लक्षित कोनाड्याचा हुबेहूब ठसा, चाकाच्या कमानीची वळणे, पत्र्यावरचा एक जुना पोचा यांसह, माझ्या हातात होता. मोटारीच्या त्या भागाकडे इतके लक्ष यापूर्वी कोणी दिले असेल असे वाटत नाही.

पुढची बाजू बांधावयाची ती नरकासुराच्या रीतीने. जाड एमडीएफचे एक कडे कापून ते लाकडी दांड्यांवर, वूफरचे तोंड ज्या दिशेस असावयाचे त्या दिशेस, अधांतरी टेकवले, आणि कवचाच्या कडेपासून त्या कड्यापर्यंत बनियनचे ताणले जाणारे कापड इतके ओढून बसवले की बोटाने टिचकी मारली असता ते वाजावे. कापड स्वतःच सर्वांत जवळचा मार्ग शोधते, आणि त्यातून जो बाक उत्पन्न होतो तो कोणत्याही नक्षीकाराने काढलेल्या बाकापेक्षा सुबक असतो. मग त्यावर नुसते रेझिन. काल अंगात घालण्याच्या लायकीचे असलेले ते कापड तासाभरात असे कठीण झाले की मेस्तने त्यावर बोटांची पेरे आपटून दाखवली. त्यानंतर आतून-बाहेरून मॅटचे थर, वरून लांबीचा लेप, आणि लांबीवर पॉलिशपेपरचे ते अनंत घासणे, ज्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही आणि ज्यात सर्वांत अधिक वेळ जातो. सपाट फळी खर्जाच्या दाबाने डोलते आणि स्वतःचा आवाज मिसळते. बाकदार कवच त्या मानाने पुष्कळ ताठ राहते, म्हणून फायबराचा हा बाक केवळ शोभेचा नसतो. तरीही पेटीच्या पोटात एक आडवी दांडी दिलीच.

प्रश्न होता मोजमापाचा. लाकडाच्या पेटीची लांबी-रुंदी-उंची गुणली की लिटर निघतात. ज्या वस्तूस एकही सरळ बाजू नाही तिच्या पोटातल्या पोकळीचा हिशेब कोणत्या सूत्राने करावा? मेस्तने घरून भाताचे पोते आणवले, आणि लिटरच्या मापाने वूफरच्या भोकातून भात आत ओतीत, मोठ्याने मोजीत, पेटी काठोकाठ भरली. याच डिचोलीत भात कुडवाने मोजून देण्या-घेण्याचे व्यवहार चालत. तेथे भाताने हवा मोजली जाताना पाहून मला मोठी मौज वाटली. माप वीस लिटरांच्या थोडे खाली आले. वूफरचा लोहचुंबक एक-दीड लिटर खाणार, तेव्हा हिशेब जमला. ते भात कोंबड्यांनाही घालावयाचे नाही अशी पोरास ताकीद मिळाली. मग उशीत भरतात तसला कृत्रिम कापूस आत सैल पसरला, त्याने आतल्या ध्वनीचा वेग मंदावून पेटी आहे त्याहून थोडी मोठी असल्यासारखी वागते. वूफर बसवून पेच आवळले. आणि पडदा बोटांनी हळूच आत दाबून सोडला असता तो तडक उसळी न मारता रेंगाळत परत आला, तेव्हा पेटी हवाबंद झाल्याचे मेस्तने जाहीर केले. खात्रीसाठी त्याने सांध्यासांध्यांवरून पेटती उदबत्तीही फिरवली.

प्रथम गाणे लावले गेले नाही. भाच्याने मोबाइलवरून वीस कंपांपासून शंभरापर्यंत हळूहळू चढत जाणारा एक सपाट सूर सोडला, आणि आम्ही तिघे गाडीभोवती फिरत राहिलो. चाळिशीच्या पुढे जाताच मागची नंबरप्लेट करवादू लागली, थोड्या वेळाने डिकीच्या झाकणाचे अस्तर, आणि साठाच्या सुमारास भाच्याने आरशाला अडकवलेली एक माळ. पेटी निर्दोष होती. तिने गाडीचे दोष उघडे पाडले. नंबरप्लेटीमागे फोमची पट्टी, अस्तरामागे डांबरी शीट, असे करीत करीत एकेक तक्रारदार गप्प करण्यात आला. मग भाच्याने आपल्या वाड्यावरच्या आरतीचे, स्वतःच केलेले, ध्वनिमुद्रण लावले. हे मुद्रण मी त्याच्या मोबाइलवर पूर्वी ऐकलेले होते; त्यात कासाळ्यांचा किणकिणाट आणि माणसांचा कल्लोळ यांखेरीज काही नव्हते, आणि घुमट म्हणजे एक टकटक होती. आता त्या टकटकीच्या खाली असलेला नाद प्रथमच बाहेर आला, आणि पंजा उचलला जाताच तो कसा वर सरकतो तेही कळू लागले. भाचा म्हणाला, "मामा, हा डावीकडचा मी." ते खरे की त्याचा भ्रम, हे ठरवण्याची माझी पात्रता नाही.

आता या विषयाची दुसरी बाजू. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. पेडण्याच्या किनारपट्टीत या नियमांचे काय होते ते तेथे झोपण्याचा प्रयत्न करणाऱ्यांनी सांगावे. नरकासुराच्या रात्री तर नरकासुर आणि आम्ही या दोहोंत अधिक कोणाचा वध होतो याविषयी शंका यावी, इतक्या मोठ्या भिंती स्पीकरांच्या उभ्या राहतात. मोटारीच्या बाबतीत अडचण अशी की खर्जाला पत्र्याची भीड नसते. काचा बंद केल्या म्हणजे गाणे आत राहते आणि धक्का तेवढा बाहेर जातो, म्हणजे ज्याने पैसे मोजले त्याला संगीत आणि ज्याच्या खिडकीखालून गाडी गेली त्याला नुसती धडधड. चांगली बांधलेली पेटी हळू आवाजातही भरीव वाजते, आवाज चढवण्याची गरज वाईट पेटीलाच अधिक पडते, असे मेस्तचे मत आहे. ते मला पटते, परंतु विशीतल्या माणसास पटेल अशी आशा मी बाळगलेली नाही. भाचा आपल्या वाड्यात शिरताना आवाज कमी करतो. दुसऱ्याच्या वाड्यातून जाताना करतो की नाही, हे मी विचारलेले नाही.

पुढे काही काळाने त्याने ती गाडी विकावयास काढली. बांद्याहून आलेल्या गिऱ्हाइकाने इंजिन पाहिले, कागदपत्रे पाहिली, डिकी उघडली आणि हे काय म्हणून विचारले. सविस्तर खुलासा ऐकून घेतल्यावर, हे काढून द्या, मला तेथे भाजीच्या टोपल्या ठेवावयाच्या आहेत, असे तो म्हणाला. वूफर निघाला, तो कोठेही चालेल. पेटी मात्र त्या एका कोनाड्याचा ठसा; दुसऱ्या कोणत्याही गाडीत ती बसत नाही, आणि एकदा दगड झालेले हे रेझिन तापवून पुन्हा पातळही होत नाही, भंगारवाला ते फुकट नेण्यास राजी नसतो. मेस्तच्या शेडीच्या माळ्यावर अशा सहा-सात पेट्या पडलेल्या आहेत, प्रत्येक एका विकलेल्या गाडीची. त्यांत हिची भर पडली. भाचा नवी गाडी घेऊन गेला तेव्हा बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत होता. मेस्तने डिकी उघडून डाव्या अंगास हात घातला, मग उजव्या, आणि म्हणाला, "हवेत पाणी आहे, आता रेझिन धरायचे नाही, चिकट राहील. दसरा झाला की या. आणि ही गाडी किती वर्षे ठेवणार ते आधी ठरवून या."